चिकात अडकलेला मोबाईल

"हात लावू नको म्हनलं ना! ठेव तो खाली, निलेश, ठेव!"

सोजरबाईनं असा आवाज टाकला की ओट्याखाली उकरत बसलेल्या कोंबड्या पंख झाडत बोळात पळाल्या. तिच्या हाताला भाकरीचं पीठ तसंच होतं. चुलीवर तवा तापून धूर सोडत होता, पण तिकडं तिचं ध्यान नव्हतं. तिच्या दिराचा, लोटूचा पोरगा, निलेश, ओट्यावर तिचा मोबाईल घेऊन बसला होता. दोन्ही अंगठ्यांनी दोन बटनं दाबून धरलेली. काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी आल्या होत्या आणि एक निळी पट्टी त्यांच्यावरून एकेक घर खाली सरकत होती.

"काही नही करू राह्यलो, मोठीमाय. रीसेट मारतो. दोन मिनिटात नवा कोरा व्हतो पाहा."

"नवा कोनाले पायजे? मले जुनाच पायजे. पट्टी जठी थांबली तठी काय लिहेल हाये?"

"ते कंपनीचं असते."

"कंपनीचं तर कंपनीचं. वाच."

"वाइप डाटा."

"आता मराठीत सांग."

निलेशनं मान खाली घातली. "साफ करनं."

"काय साफ?"

"सगळंच. फोटो, व्हिडिओ, नंबर. पन फोन तर चालू व्हतो ना!"

सोजरबाईनं पिठाच्या हातानंच मोबाईल हिसकून घेतला. "घर पेटवून देतो अन् वरून म्हनतो, कुलूप तर शाबूत हाये ना! ऊठ अठून. पुन्हा माह्या मोबाईलले हात लावला तर बोटं मोडीन."

निलेश उठला. चपला पायात सरकवता सरकवता पुटपुटला, "असं काय मोठं हाये त्यात."

काय होतं ते अख्ख्या फोपनारला माहीत होतं.

सोजरबाईची केळीची बाग कोणीतरी कापून टाकली होती. घड भरत आले होते, संक्रांत गेली की कटाई लागणार होती, आणि उभी केळ आडवी झाली. शहरातल्या माणसाला हे सांगूनही कळायचं नाही. गव्हाला आग लावली तर धूर दिसतो, माणसं धावतात. केळीच्या खोडाला हाड नसतं. कोयत्याला धार असली की एका घावात झाड मान टाकतं, आवाज म्हणून होत नाही, नुसता चीक गळत राहतो. आणि त्यासाठी पिढीजात वैर लागतं असंही नाही. बांधावरून बोलाचाली झाली, सोयरिकीत मोडता घातला, निवडणुकीत मत इकडचं तिकडं झालं, की कोणीतरी कोयता घासायला बसतो. ही मर्द म्हणवणारी माणसं. समोर येऊन शिवी द्यायची यांची छाती नाही. अंधारात झाडांवर मर्दुमकी गाजवतात आणि सकाळी टॉवेलनं तोंड पुसत पाहायला येतात, "अरेरे, कोनं केलं हो?"

त्या दिवशी लाईट पहाटेची होती म्हणून सोजरबाई मोटर चालू करायला वावरात गेली होती. तापीकाठचं धुकं असं दाट की हात लांब केला तर बोटं दिसू नयेत. मोटरच्या खोलीमागं ती उभी होती तेव्हा झुंजुमुंजू झालं, धुकं थोडं वर उचललं, आणि तिला खालचा सगळा पट्टा सपाट दिसला. आधी तिला वाटलं, आपण दुसऱ्याच्या वावरात आलो. मग मधल्या बांधावर माणूस दिसला. तोंड टॉवेलनं बांधलेलं, हातात कोयता. तो वरच्या पट्ट्यात शिरत होता. बाई एकटी. तिनं कमरेचा मोबाईल काढला आणि व्हिडिओ सुरू केला. पोरगी हिमानी दिवाळीला आली तेव्हा शिकवून गेली होती: लाल टिकली दाबायची, पुन्हा दाबायची. तिनं दाबली, माणूस काय करतो ते न पाहता त्या टिकलीवरच डोळे लावून राहिली, पुन्हा दाबली, आणि मग मोठ्यानं बोंब मारली. माणूस बांधावरचं काहीतरी उचलून धुक्यात पळाला. बोंबेमुळं वरच्या पट्ट्यातली थोडी केळ तेवढी वाचली.

पुढचं तिला नीट आठवत नाही. मोबाईल कमरेला खोसून ती पडलेल्या बागेत धावली. एकेक खोड उभं करून पाहू लागली. उभं राहतंय का कधी? लुगडं चिकानं भिजून अंगाला चिकटलं. गावात पोचून मोबाईल काढला तर पडद्यावर कंपनीचं नाव आलं, गेलं, मोबाईल हातात थरथरला, पुन्हा कंपनीचं नाव आलं, पुन्हा गेलं. पुढं काही येईचना. दारापर्यंत येऊन पाहुणा परत फिरावा, पुन्हा यावा, पुन्हा फिरावा, असं त्याचं दिवसभर चाललं. बॅटरी संपेपर्यंत.

पोलीस चौकीवरचा शिपाई त्याच्या सरकारी हिंदीत म्हणाला, "बाई, नाम बताओ. नाम नहीं तो अज्ञात लिखूँगा." अज्ञात म्हणजे काय, हे सोजरबाईला चांगलं कळत होतं. अज्ञात म्हणजे कोणीच नाही. बाग आपोआप पडली.

तिला नाव माहीत होतं, असं तिला वाटत होतं. लीलाधर पाटील. त्याला नदीवरून पाण्याची पाइपलाइन न्यायची होती ती सोजरबाईच्या उभ्या बागेतून. ती म्हणाली होती, माल निघू द्या, मग बोलू. लीलाधर म्हणाला होता, बाईमाणसाशी काय बोलायचं. एवढ्यावरून तिनं यादवच्या चहाच्या दुकानासमोर, भर माणसांत, लीलाधरला तोंडावर म्हटलं होतं, "तूच कापली माही बाग! मोबाईल चालू होऊ दे, तुह्या तोंडावरचा टॉवेल काढते मी!"

लीलाधर हसला होता. "काढ ना भाभी. नही निघाला तर याच जागी माफी मांगजो. नही तं कोर्टात भेटू."

म्हणून तो मोबाईल चालू व्हायला हवा होता, आणि आतलं सगळं जसंच्या तसं हवं होतं. त्यात नवऱ्याचे, नंदकुमारचे फोटो होते. हिमानीच्या लेकराचं पहिलं हसणं होतं. पण खरी गोष्ट ती एक, धुक्यातला माणूस.

गावानं सल्ले द्यायला कमी केलं नाही. फुकटचा माल वाटायला गाव नेहमीच दिलदार. एक म्हणाली तांदळाच्या डब्यात ठेव, पाणी शोषते. दुसरी म्हणाली केळं पकाईला घालतात तसा भुशात दाबून ठेव, गरमीनं मोकळा होईल. सोजरबाईनं तेही केलं. केळं पिकलं असतं एव्हाना, मोबाईल काही पिकला नाही. उलट बाजूची बटनं अजूनच आवळली. यादव, जो कधीकाळी सरपंच होता आणि आता चहा विकता विकता गावाचा न्याय करत होता, म्हणाला, "भाभी, सोडून द्या. देव पाहू राह्यला." देव पाहत होता तर त्यानंच व्हिडिओ काढायचा होता, असं तिच्या जिभेवर आलं होतं.

एकटा तिचा दीर लोटू तेवढा काही न बोलता पाठीशी उभा राहिला. नंदकुमार गेल्यावर वाटण्या झाल्या, पण लोटूनं येणं-जाणं तोडलं नव्हतं. निलेशला तिनं हाकललं त्याच दुपारी तो मोटारसायकल घेऊन दारात आला.

"वयनी, चला. शहरात, शनवाऱ्याच्या बाजारात एक पोरगा हाये, विपुल नावाचा. मोबाईलचं सगळं करते तो."

"तुमचं काम सोडून येता, लोटूभाऊ?"

"मले काय काम राह्यलं? माही बाग तं आधीच उपटली मी."

खरं होतं ते. लोटूच्या केळीला पावसाळ्यात सीएमव्हीचा रोग लागला, पानं पिवळी पट्टेरी झाली, सगळी बाग उपटून जाळावी लागली होती. सोजरबाईची बाग त्याच्या बांधाला लागूनच, पण तिचं रोप दुसरीकडचं, ती वाचली. मोटारसायकलवर मागं बसून तिनं दिराच्या पाठीकडं पाहिलं आणि तिला भरून आलं. एवढं एक माणूस तरी आहे, तिला वाटलं.

शनवाऱ्यात दुपारची गर्दी. हातगाड्या, रिक्षा, वेशीच्या तोंडाशी अडकलेला केळीचा ट्रक, हॉर्न. विपुलचं दुकान म्हणजे भिंतीत बसवलेलं कपाट. पोरगा पंचविशीचा, डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर चढवलेलं. त्यानं मोबाईल चार्जिंगला लावला, पडद्यावरचा कंपनीच्या नावाचा खेळ पाहिला आणि उलट्या हातानं बाजूला सारला.

"सॉफ्टवेअर उड़ गया, मावशी. फ्लॅश मारावं लागन."

"मारल्यावर आतलं राहीन?"

"नहीं ना. डाटा तो जाएगा. फोन बच जाएगा."

"फोन मरू दे. आतलं वाचव."

विपुल हसला. "उलटं बोलताय मावशी. सगळे म्हणतात फोन वाचव."

लोटूनं हळूच म्हटलं, "वयनी, मारू द्या. कुठपर्यंत नाद धरता? पोलीस काय करनार हायेत एवढं?"

"लोटूभाऊ, माह्या वावरात कोयता कोनं चालवला ते मले पायजे. पोलिसाले पायजे नसन, मले पायजे." मग ती विपुलकडं वळली. "हे पाह्य बेटा. तू न पाहताच म्हनला सॉफ्टवेअर गेलं. दुखते कुठी ते न इचारता ऑपरेशन करते का कोनी? खोल तरी."

विपुल वैतागला, पण गिऱ्हाईक हलत नाही हे त्यानं ओळखलं. बाजूचं बटन त्यानं नखानं दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं. भिंग डोळ्यावर ओढलं.

"ये काला काला क्या भर गया है? बटन वापसच नहीं आ रहा."

"चीक असन. केळीचा. पडलेल्या खोडांत लोळली मी. सुकला का दगड होते तो, कपड्यावरून जन्मात जात नही."

"अरे बाबा!" विपुलनं मान हलवली. त्याचा सूर बदलला. "फिर तो सॉफ्टवेअर नाहीच गेलं. बटन आतमध्ये दबून बसलंय. फोनला वाटतंय कोणीतरी दाबूनच धरलंय, म्हणून तो सुरू होतो, बंद होतो, सुरू होतो, बंद होतो. बरं झालं मावशी, फ्लॅश मारला नाही. मारला असता तरी असाच राहिला असता, अन् डाटा फुकट गेला असता."

त्यानं मागचं झाकण गरम करून उचकटलं, बारीक पट्टी सोडवली, बटन चिमट्यात धरून काढलं. त्याला डिंकासारखी काळी तार लागली होती. कसल्याशा उग्र वासाच्या पाण्यात बुडवून कापसानं पुसलं, खाच कोरली, पुन्हा पुसलं. सोजरबाई फळीला हात टेकून उभी. रस्त्यावरून कोणाचा धक्का लागला तरी ती हलली नाही. लोटू मागं उभा राहून तंबाखू मळत होता.

बटन टक् वाजलं. कंपनीचं नाव आलं. तिनं डोळे मिटले. ते जायची ती वाट पाहत होती.

"उघडा डोळे, मावशी."

पडद्यावर हिमानीचं लेकरू बसलं होतं, तोंडाला वरण माखलेलं. सोजरबाईच्या गळ्यातून असा आवाज निघाला की शेजारचा बांगडीवाला वळून पाहू लागला.

"व्हिडिओ दाखव. शेवटचा."

विपुलनं लावला. आधी नुसतं धुकं, आणि तिचाच फासफूस श्वास. मग बांध दिसला. बांधावर माणूस, तोंड बांधलेलं. माणूस थांबला. पायातल्या चपला काढून त्यानं बांधावर जोडीनं ठेवल्या. खाली वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली. मग पुढच्या केळीपाशी गेला आणि कोयत्याची पाठ खोडावर हळूच आपटली, एकदा, दोनदा. निजलेल्याला उठवावं तशी. आणि मग पातं फिरवून घाव घातला.

"चेहरा तो दिखतच नहीं," विपुल म्हणाला. "पूरा बांधा हुआ है. याचा काय उपयोग मावशी?"

सोजरबाईची नजर बांधावरच्या चपलांवर खिळली होती.

तिचा सासरा जिवंत होता तेव्हाची रीत होती ती. झाडावर निजेत घाव घालू नये म्हणायचा म्हातारा. चपला बांधावर काढायच्या, माती कपाळाला लावायची, कोयत्याच्या पाठीनं झाडाला जागं करायचं, मगच घड उतरवायचा. गाव हसायचं म्हाताऱ्याला. त्यांच्या घराशिवाय साऱ्या शिवारात कोणी असं करत नव्हतं. म्हाताऱ्यानं दोन्ही पोरांच्या हाताला ही सवय लावली होती. त्यातला थोरला, नंदकुमार, मरून गेला होता.

तिनं मागं वळून पाहिलं नाही. पण मागं तळहातावर तंबाखू मळण्याचा आवाज थांबला होता.

"अजून एकदा लावू?" विपुलनं विचारलं. "का कोणाला पाठवून देऊ? एक कॉपी राहील. पोरीचा नंबर आहे यात."

"कोनालेच नको पाठवू," सोजरबाई म्हणाली. काकाचं हे रूप पोरीला कसं पाठवायचं?

पैसे देऊन ती दुकानाची पायरी उतरली आणि बस स्टँडकडं चालू लागली. लोटू मोटारसायकल ढकलत मागोमाग आला. गर्दीतून वाट काढत, हॉर्न खात.

"वयनी, बसा ना गाडीवर."

ती चालत राहिली.

"वयनी, काय झालं? काय पाह्यलं तुमी?"

"तू पाह्यलं तेच." आयुष्यात पहिल्यांदा तिनं दिराला तू म्हटलं.

लोटूच्या हातातून गाडी तिरकी झाली. त्यानं ती सावरली. मग बोलू लागला तो खाली मान घालून, हँडलशी बोलावं तसा.

"माही बाग जळली तवा लोक माह्या बांधावर उभं राहून तुमची बाग पाह्यत. यादव म्हने, लोटू, आता भाभीच्या अठी सालदार लाग. सारे हसले. रोज हसत. दुकानात गेलं का तेच."

"मंग यादवची मान कापायची. माही बाग काहून?"

"एकच झाड कापीन म्हनलं व्हतं, वयनी. आईची आन. एकच."

"अन् एक कापल्यावर?"

"मंग हात थांबलाच नही."

सोजरबाई रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागून रिक्षावाल्यानं शिवी घातली. ती लोटूकडं पाहत म्हणाली, "झाडाले जागं करून कापलं तू. बापाची रीत पाळली. मले मातर निजेतच कापलं. माह्या पाठीवर हात ठेवून अठीपर्यंत आनलं मले."

"कोनाले दाखवू नका, वयनी. घराची इज्जत जाईन. तुमचा घाटा मी भरून देतो, उरलेली बाग मी उभी करून देतो, तुमी म्हनान ते करतो."

"निलेशले म्हाईत व्हतं?"

लोटूनं तोंड फिरवलं. तेच उत्तर.

ती बसनं गावात आली. बस चहाच्या दुकानासमोरच थांबते. लोटू तिच्या आधी येऊन पोचला होता, यादवच्या बाकड्यावर बसला होता, आणि दुकानात नेहमीची माणसं होती. लीलाधर पाय पसरून बसला होता. तिला पाहताच तो ओरडला, "या भाभी! निघाला का माह्या तोंडावरचा टॉवेल?"

सोजरबाईनं पदर खांद्यावरून घट्ट ओढला. "लीलाधरभाऊ, तुमचं नाव घेतलं ते चुकलं. याच जागी घेतलं व्हतं, याच जागी माफी मांगते."

दुकानातल्या माना वळल्या. लीलाधरलाही ही अपेक्षा नव्हती. "मंग कोन?"

तिनं मोबाईल यादवच्या समोर, बशांच्या मधोमध ठेवला आणि व्हिडिओ लावला. सारे वाकले. धुकं. बांध. चपला. माती. कोयत्याची पाठ खोडावर, एकदा, दोनदा. घाव.

सगळ्यांनी पाहिलं. सगळ्यांनी ओळखलं. त्या म्हाताऱ्याला हसलेलीच माणसं ती, त्याच्यासारखं कोयत्याची पाठ आपटून पोरंटोरं नक्कल करायची. एकेकाची नजर बाकड्यावर बसलेल्या लोटूकडं गेली आणि तिथून परत फिरून चहाच्या कपात पडली.

"चेहरा कुठी दिसू राह्यला?" यादव म्हणाला.

"धुकं लय हाये," दुसरा म्हणाला.

"यादवदादा, चेहरा सोडा. हात पाह्या."

"हात तं साऱ्याले असतात, भाभी." यादवनं फडकं झटकलं. मग जरा दबक्या आवाजात, समजूत घालावी तसा म्हणाला, "अन् असं पाह्यलं तं ज्यानं कापली त्यानं झाडाच्या पाया पडून कापली. मानूस नीतीचा दिसते. घरातलं घरात मिटवा."

माणसं माना डोलावू लागली. नीतीचा माणूस! वर्षाचं पीक आडवं केलं, पण पाया पडून केलं. चोरानं तिजोरी फोडण्याआधी देवाला अगरबत्ती लावली तर या गावानं त्याला प्रसाद खायला बोलावलं असतं. लोटू बाकड्यावर मान खाली घालून बसला होता आणि त्याच्या शेजारच्यानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. दिलासा त्याला! सोजरबाईसाठी कोणी जरा सरकून जागाही केली नव्हती.

लीलाधर तेवढा उठला. तिला बाजूला घेऊन खालच्या आवाजात म्हणाला, "लोटूच हाये तो. मी चौकीवर येतो, साक्ष देतो. सांगतो का त्या घराचीच रीत हाये ही." तो थांबला, मिशीवरून बोट फिरवलं. "फक्त आपली पाइपलाइन तेवढी जाऊ द्या वावरातून. आता तं तठी केळही नही राह्यली."

सोजरबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. या माणसाची तिनं आत्ताच भर चौकात माफी मागितली होती, आणि ती माफी खरी होती.

"लीलाधरभाऊ," ती म्हणाली, मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "त्यानं माही बाग कापली. तुमी त्या बागेवर बसून सौदा करता. बसा निवांत. साक्ष नको मले तुमची."

रात्र तिनं कशी काढली ते तिचं तिला माहीत. सकाळी पहिल्या बसनं ती चौकीवर गेली. एकटी. लोटूच्या बायकोनं बोळात आडवी येऊन घरबुडवी म्हटलं, तेही ऐकून गेली.

शिपाई तोच होता. व्हिडिओ त्यानं पाहिला, पुन्हा पाहिला. "मुँह तो बंधा है, बाई."

"मुँह बंधा है, हाथ खुला है," सोजरबाई म्हणाली आणि खुर्चीवर बसली. कोणी बस म्हटलं नव्हतं. तिनं सगळं सांगितलं. सासऱ्याची रीत, चपला, माती, कोयत्याची पाठ. शनवाऱ्यातल्या रस्त्यावर दीर काय काय बोलला तेही. शिपायाचं हसू आधी ओठावर होतं, मग गेलं. त्यानं पेन उघडलं.

"नाम?"

"लोटू."

"आपसे रिश्ता?"

"देवर."

पेन थांबलं. "बाई, घर का मामला है. सोच लो. पूरा गाँव खिलाफ हो जाएगा."

"गाँव कल ही हो गया. लिखो."

"गवाह?"

तिनं दाराकडं पाहिलं. दारात ऊन होतं, पायरीवर कुत्रं निजलं होतं. फोपनारहून कोणी येणार नव्हतं.

"मैं."

"आप तो फरियादी हो. गवाह दूसरा चाहिए."

"फरियादी भी मैं, गवाह भी मैं. पहले लिखो तो सही. कम पड़ा तो कोर्ट बोलेगा, तुम मत बोलो."

शिपायानं मान हलवत लिहिलं. मग हात पुढं केला. "मोबाइल जमा करना पड़ेगा. केस चलने तक यहीं रहेगा."

एवढं तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं मोबाईल दोन्ही हातांत धरला. आतमध्ये नंदकुमार होता, ट्रॅक्टरवर बसलेला. लेकरू होतं वरण माखलेलं. हे सगळं वाचवायला ती गावभर भांडली होती, आणि आता ते एका पाकिटात घालून कपाटात कोंबलं जाणार होतं, कोणास ठाऊक किती तारखांपर्यंत. विपुल म्हणत होता तेव्हा कॉपी काढायला हवी होती. घराची लाज झाकायला गेली आणि आपलंच हातचं गेलं. तिनं मनातल्या मनात स्वतःला एक शिवी दिली आणि मोबाईल टेबलावर ठेवला.

शिपायानं पाकिटावर लिहायला घेतलं. "चालू है कि बंद?"

"चालू," सोजरबाई म्हणाली. तिनं बटन दाबून पडदा उजळून दाखवला. "नीट लिखो. चालू. और वापस लेने मैं ही आऊँगी. उस दिन बंद मिला तो तुम्हारा भी नाम पूछूँगी."

शिपायानं वर पाहिलं आणि 'चालू' असं मोठ्या अक्षरात लिहिलं. ते लिहून होईस्तोवर ती खुर्चीवरून उठली नाही.